पिस्तूल, ठासणीची बंदूक आणि भेकर

संस्कृतात शिकारीला 'मृगया' म्हणतात. 'मृग' या शब्दाचा मूळचा अर्थ रानातले कोणतेही जनावर असा होता. पुढे तो आकसत आकसत हरणापुरता उरला. शिकार म्हटली की हरीण, हे समीकरण आपल्या भाषेतच असे मुरलेले आहे. कालिदासाच्या 'शाकुंतला'चा प्रारंभ हरणाच्या पाठलागाने होतो. राजा दुष्यंत रथातून बाण रोखून येतो आणि हा आश्रमाचा मृग आहे, याला मारू नये, असे सांगून तपस्वी त्याला थांबवितो. अभयारण्याची कल्पना आपल्याकडे किती जुनी आहे हे सांगताना हा प्रसंग जरूर आठवावा. आकाशातही मृग नक्षत्र आहे, त्याच्या पोटात तीन ताऱ्यांचा बाण रुतलेला आहे आणि मागे व्याध उभा आहे. आमच्या शहापूर-मुरबाड भागातला शेतकरी या मृगाकडे शिकारीच्या दृष्टीने पाहत नाही. मृग लागला की राबाच्या जागेत भात पेरायचा, एवढाच त्याचा त्या नक्षत्राशी व्यवहार.

या सगळ्या कथांत हत्यार आहे ते धनुष्यबाणाचे. प्रस्तुत लेखाला निमित्त झाले ते मात्र पिस्तुलाचे. एका इंग्रजी चित्रपटात नायक कमरेचे रिव्हॉल्व्हर उपसतो आणि धावते हरीण एका गोळीत लोळवितो, असे दृश्य आमच्या वर्गातील काही मित्रांनी पाहिले होते. असे खरोखर घडू शकते काय, यावर मधल्या सुट्टीत कडाक्याचा वाद झाला आणि शेवटी सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी सापगावचा, म्हणजे रानातला, म्हणजे मला शिकारीतले कळणारच! वस्तुतः आमचे सापगाव भातसा नदीच्या काठी, शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. तेथे वाघ-सिंह फिरत नाहीत, एस. टी. फिरते. परंतु प्रश्न डोक्यात राहिला. थोडे वाचले, थोडे विचारले, थोडे गणित केले. त्यातून जे हाती आले ते येथे मांडतो.

प्रथम जनावराविषयी. आपण मराठीत ज्यांना सरसकट 'हरीण' म्हणतो त्यांत दोन निराळी घराणी आहेत. सांबर, चितळ आणि भेकर ही खरी हरणे. त्यांच्या नरांची शिंगे भरीव असतात, झडतात आणि पुन्हा उगवतात. काळवीट, चिंकारा आणि चौसिंगा यांची शिंगे पोकळ असतात व जन्मभर टिकतात. शास्त्राच्या दृष्टीने ते हरणांपेक्षा गाई-बकऱ्यांना जवळचे. आमच्या भागात ज्याची गाठ पडण्याची शक्यता असते ते भेकर. खांद्याशी पावणेदोन-दोन फूट उंच, वजनाने वीस-पंचवीस किलो, म्हणजे एखाद्या बोकडाएवढे. रंग तांबूस. नराला वरच्या जबड्यात छोटे सुळे असतात. ते कळपाने राहत नाही. एकटे किंवा फार तर जोडीने झाडीच्या कडेकडेने चरते. संशय आला की कुत्र्यासारखे भुंकते, आणि तेही एकदा नव्हे, थांबून थांबून पुष्कळ वेळ. इंग्रजीतील त्याचे नावही या भुंकण्यावरूनच पडलेले आहे. माहुलीच्या पायथ्याशी, तानसाच्या रानात, डोळखांबकडे आणि मुरबाड बाजूला सिद्धगडाच्या खाली हा आवाज अजूनही ऐकू येतो.

आता हत्यार. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर म्हणजे एका हाताने चालविता येईल अशी बंदूक. दोहोंतला फरक येथे महत्त्वाचा नाही. महत्त्वाचे हे की तिला खांद्याला टेकवायचा दस्ता नसतो आणि तिची नळी वीतभर किंवा त्याहूनही आखूड असते. हे हत्यार माणसाने माणसाशी जवळून झुंजण्यासाठी केले. घोडेस्वार, पोलीस, सैन्यातला अधिकारी यांच्या कमरेला ते शोभते. रानात ते का अडते, हे समजण्यास शाळेत शिकलेले त्रैराशिक पुरते.

नेम धरताना बंदुकीच्या पुढच्या टोकाची माशी आणि मागची खाच या दोन्ही एका रेषेत आणाव्या लागतात. या दोहोंतले अंतर रायफलीत साठ सेंटिमीटर धरू आणि रिव्हॉल्व्हरमध्ये पंधरा. समजा, हात किंचित हलला आणि माशी आपल्या जागेवरून केवळ एक मिलिमीटर सरकली. पन्नास मीटरवर याचा परिणाम काय होईल? रायफलीची गोळी सुमारे आठ सेंटिमीटर बाजूला जाईल. रिव्हॉल्व्हरची गोळी जाईल तेहतीस सेंटिमीटर, म्हणजे एक फुटाहून जास्त! एक मिलिमीटर म्हणजे नखाच्या जाडीहून थोडेसे जास्त. श्वास घेतला तरी हात त्याहून अधिक हलतो. रायफल खांदा, गाल आणि दोन हात अशा चार ठिकाणी टेकलेली असते; पिस्तूल पुढे लांबविलेल्या हातांवर तरंगत असते.

आता हे एक फुटाचे अंतर भेकराच्या अंगावर मोजा. जनावर तत्काळ मरायचे तर गोळी पुढच्या पायाच्या मागे, हृदय आणि फुप्फुसे असतात त्या जागी लागली पाहिजे. भेकराच्या अंगावर ही जागा आपल्या जेवणातल्या वाटीपेक्षा फार मोठी नाही. त्या वाटीपासून एक फूट मागे पोट आहे, एक फूट खाली पाय आहे, एक फूट वर मोकळी हवा आहे. हवेतून गेलेली गोळी परवडली. पोटात लागलेली गोळी जनावराला ताबडतोब मारीत नाही. ते उडी घेऊन जाळीत शिरते आणि तासन् तास, कधी दिवसभर, तडफडून मरते. शिकाऱ्याला ते सापडतही नाही. सापडते ते कोल्ह्यांना आणि तरसांना.

दुसरी गोष्ट आघाताची. गोळीच्या अंगी असलेली शक्ती तिचे वजन आणि वेगाचा वर्ग यांवर अवलंबून असते, हे आपण दहावीच्या विज्ञानात शिकलो. कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनणारे बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर आपल्याकडे परवानाधारकांत विशेष परिचित आहे. त्याच्या गोळीची शक्ती सुमारे दीडशे ज्यूल भरते. पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसलेल्या थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या गोळीची शक्ती तीन हजार ज्यूलच्या वर, म्हणजे वीसपट. दोनशे-अडीचशे किलोच्या सांबरासमोर बत्तीस बोअर म्हणजे बैलाला छडी मारण्यासारखे आहे. चित्रपटातील हरीण ज्या तत्परतेने पडते ते दिग्दर्शकाच्या सूचनेवरून पडते, असे माझे मत झाले आहे.

मग जगात कोणीच पिस्तुलाने हरीण मारीत नाही काय? मारतात, आणि कायदेशीरपणे मारतात. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या फार मोठी आहे, आणि तेथील बहुतेक राज्यांत ठराविक हंगामात, परवाना घेऊन, हॅण्डगनने हरणाची शिकार करता येते. त्यासाठी निराळी हत्यारेच तयार झाली. १९३५ साली 'थ्री-फिफ्टी-सेव्हन मॅग्नम' हे जोरदार काडतूस आले. त्याहून जबर 'फॉर्टी-फोर मॅग्नम' १९५५-५६ च्या सुमारास आले. एल्मर कीथ नावाचा एक शिकारी-लेखक अशा दमदार काडतुसासाठी कित्येक वर्षे खटपट करीत होता. या गोळीची शक्ती बाराशे-तेराशे ज्यूल, म्हणजे आपल्या बत्तीस बोअरच्या आठपट. १९६७ मध्ये 'कंटेंडर' नावाचे एकाच गोळीचे लांब नळीचे पिस्तूल निघाले. त्यावर दुर्बीण बसविता येते. राज्याराज्यांचे नियमही आहेत: गोळी किमान एवढी मोठी हवी, नळी किमान एवढी लांब हवी. एकंदरीत पिस्तुलाला जितके रायफलीसारखे करता येईल तितके करायचे आणि मग त्याला पिस्तूल म्हणायचे, असा तो प्रकार! तरीही तेथील पुष्कळ जाणते शिकारी फार लांबून चाप ओढीत नाहीत, झाडाच्या बुंध्याचा किंवा काठीचा आधार घेतल्याशिवाय नेम धरीत नाहीत. जवळ जाण्याचे कौशल्य हाच त्यांना त्यातला आनंद वाटतो. ब्रिटनमध्ये मात्र १९९६ साली डनब्लेनच्या शाळेत मुलांवर गोळीबार झाल्यानंतर १९९७ च्या कायद्यांनी खाजगी माणसांकडील पिस्तुले जवळजवळ काढूनच घेण्यात आली.

भारतात साहेबाच्या शिकारीत रिव्हॉल्व्हर होते, पण ते कमरेला. रायफलीने पाडलेल्या जनावराचे हाल थांबविण्याकरिता शेवटची गोळी घालायची, किंवा जखमी वाघ-बिबळ्या अंगावर आलाच तर जीव वाचवायचा, एवढेच त्याचे काम. आपल्या संस्थानिकांनी तर जनावराच्या जवळ जाण्याचे काम दुसऱ्या जनावराकडेच सोपविले होते. कोल्हापूर दरबारी शिकविलेले चित्ते पाळीत आणि ते काळविटांवर सोडीत. हिंदी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणविले, इतकी ती हौस दांडगी होती.

आमच्या रानात यातले काहीच नव्हते. तेथे अंतर कमी करण्याचा उपाय होता माणसांचा, आणि त्याला म्हणत 'हाका'.

याविषयी मी आमच्या शेजारच्या ठाकूरवाडीतील एका वृद्ध गृहस्थांना विचारले. वय ऐंशीच्या घरातले. दृष्टी मंदावली असली तरी स्मरण तल्लख आहे. त्यांना सर्वजण बाबा म्हणतात, मीही म्हणतो. त्यांच्या तरुणपणी, म्हणजे १९७२ च्या कायद्याच्या आधी, पावसाळा सरून भाते झोडून झाली की वाडीतले पंधरा-वीस पुरुष रानात जात. बंदूक एकच असे आणि तीही वाडीतली नव्हे, गावातल्या एका खातेदाराची. बंदूकवाला डोंगराच्या खिंडीत किंवा ओहोळाच्या तोंडाशी, वारा तोंडावर येईल असा, झाडाआड बसे. बाकीचे पलीकडच्या अंगाने अर्धगोल करून डबे बडवीत, आरोळ्या देत, झुडपांवर काठ्या मारीत पुढे सरकत. जनावर आवाजापासून दूर पळते आणि आपल्या नेहमीच्या वाटेने पळते. ती वाट खिंडीतून जाते हे हाकेकऱ्यांना ठाऊक असे. कधी खिंडीत बंदुकीऐवजी वाघूर, म्हणजे मोठे जाळे, लावीत. कातकऱ्यांचे फास निराळे. ते एकट्या-दुकट्याचे काम.

बंदूक असे ठासणीची. आजच्या मित्रांना ती संग्रहालयातच दिसेल म्हणून थोडे वर्णन करतो. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंध्यांचा किंवा नारळाच्या काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे किंवा शिशाची गोळी, पुन्हा बोळा. मागे नळीच्या बुडाशी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी पडते आणि बार होतो. या साऱ्या खटाटोपाला दोन-तीन मिनिटे लागतात, म्हणजे जनावरासमोर एकच बार. दवाने दारू सर्दावली तर तोही नाही. नळीला आतून आटे नसल्यामुळे गोळी सरळ जाईलच अशी हमी नाही. बाबा म्हणाले, "तीस पावलांच्या आत आला तरच बार काढायचा पोरा. नायतर जाऊ द्यायचा. जखमी गेला तर रातभर झोप नाय."

ही झोप का लागत नसे, हे मी खोदून विचारले. मला वाटले होते की ते देवाचे किंवा पापाचे काही सांगतील. त्यांनी सांगितले ते अगदी साधे होते. जखमी जनावर सोडून यायचे नाही, असा वाडीचा रिवाज होता. रक्ताचा माग काढीत सगळ्यांनी जायचे, दुसरा दिवस उजाडला तरी. ज्याच्या बाराने जनावर पळाले त्याने सगळ्यात पुढे चालायचे. सापडले की कोयत्याने संपवायचे. साहेबाच्या कमरेचे रिव्हॉल्व्हर आणि आमच्या कमरेचा कोयता यांचे काम एकच होते, हे मला तेव्हा उमगले. मग वाटे. बंदूकवाल्याचा एक जादा वाटा, पहिल्यांदा जनावर पाहणाऱ्याचा थोडा, बाकी सारखे. घरी राहिलेल्या विधवेलाही एक. वीस किलोच्या भेकराचे वीस घरांत वाटे म्हणजे एका घराला किती येते, हे वाचकांनीच काढावे. एका संध्याकाळचे कालवण.

येथे मला कायद्याविषयी लिहिणे भाग आहे, कारण आमच्या विषयाचे खरे मर्म तेथे आहे.

पहिला कायदा शस्त्रांचा. इंग्रजांनी १८७८ साली हत्यारे परवान्याखाली आणली. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला. त्यात एक तरतूद अशी आहे की, खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना नागरिकास मिळू शकतो. ती अपुरी पडेल असे अधिकाऱ्यास वाटले तर वीस इंचांहून कमी नाही अशा नळीची, आतून गुळगुळीत असलेली दुसरी बंदूक देता येते. वीस इंचांची ही अट मला फार बोलकी वाटते. लांब नळीची बंदूक शेतकऱ्याची, कारण ती सदऱ्याखाली लपत नाही. आखूड नळीचे हत्यार आत्मरक्षणाचे किंवा गुन्ह्याचे. भातशेतीची राखण करायला पिस्तूल हवे असे म्हणणाऱ्याला कलेक्टर कचेरीत कोणी बसूही देणार नाही. आमच्या रानात पिस्तुलाने हरीण मारण्याची परंपरा का नाही, याचे अर्धे उत्तर वरच्या त्रैराशिकात आहे आणि अर्धे या वीस इंचांत.

दुसरा कायदा जनावरांचा. मुंबई राज्याचा १९५१ चा वन्य पशुपक्षी संरक्षणाचा कायदा होता. बाबांना त्याचे नावही कधी कळले नाही. नंतर १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम. आपल्याकडे पुष्कळांची अशी समजूत आहे की १९७२ साली शिकार पूर्ण बंद झाली. तसे नाही. मूळ कायद्यात शिकारीचे परवाने होते. सांबर, चितळ, भेकर ही तिसऱ्या अनुसूचीत, 'मोठी शिकार' या सदरात होती, आणि परवानाधारकाने शिकार कशी करावी याचे नियम सतराव्या कलमात दिले होते. सूर्यास्तानंतर शिकार नको. वाहनातून नको. पाणवठ्यावर नको. जाळी, फास, खड्डे, विष, स्फोटके नकोत. कुत्र्यांच्या साहाय्याने नको; अपवाद काही पक्ष्यांपुरता. आणि मोठी शिकार रायफलीनेच करावी; परवान्यात खास मुभा असेल तरच एका गोळीच्या काडतुसाची बंदूक चालेल. पिस्तूल या चौकटीत बसतच नाही.

हे नियम मी दोनदा वाचले. पहिल्या वेळी ते मला अत्यंत न्याय्य वाटले. जनावराला तडफडत ठेवू नका, तहानलेल्यावर नेम धरू नका, अंधारात बार काढू नका. दुष्यंताला अडविणाऱ्या तपस्व्यालाही यात काही कमी वाटले नसते. रायफलीची अटही त्याच हेतूची, कारण जनावर एका गोळीत पडावे. दुसऱ्या वेळी वाचताना मात्र माझ्या डोळ्यांसमोर ठाकूरवाडी आली. वाघूर बंद, फास बंद, कुत्री बंद, ठासणीची बंदूक बाद. उरली रायफल. रायफल कोणाकडे होती? शहापूर तालुक्यातल्या कोणत्या वाडीत होती? निदान कायद्याच्या पुस्तकात तरी १९७२ पासून १९९१ पर्यंत हरणाची शिकार करण्याची वाट खुली होती ती केवळ रायफल बाळगू शकणाऱ्यास. हौसेने मारणारा परवानाधारक ठरला, आणि कालवणासाठी मारणारा चोरटा शिकारी.

मला येथे कोणाची बाजू घ्यायची नाही असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे होणार नाही. भेकराच्या बाजूने पाहिले तर कायद्याचे बरोबर आहे. फासात अडकलेले जनावर कसे मरते हे ज्याने पाहिले असेल तो फासाचे समर्थन करणार नाही. शिवाय फास भेकर आणि बिबळ्या असा भेद जाणत नाही. आणि बाबांच्या तरुणपणीचे रान आज राहिलेले नाही. रान तुटले, भातसा आणि तानसा यांच्या पाण्यावर मुंबई वाढली, महामार्ग आणि रेल्वे यांनी उरलेल्या रानाचे तुकडे केले. अशा रानात पंधरा वाड्यांनी वर्षाला दोन-दोन हाके केले तर भेकर केवळ शब्दकोशात उरेल. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने रद्द झाले, रायफलवालाही बाहेर गेला, आणि तेव्हा कुठे कायदा सर्वांना सारखा झाला. हे एकोणीस वर्षे आधी व्हावयास हवे होते, एवढेच माझे म्हणणे.

अर्थात सारखा झाला तो कागदावर. २००६ चा वनहक्क कायदा झाला आणि आमच्या भागातल्या अनेक आदिवासी कुटुंबांना कसत असलेल्या जमिनीवर दावा सांगण्याचा हक्क मिळाला. परंपरेने चालत आलेले इतर हक्कही त्या कायद्याने मान्य केले. मात्र त्याच वाक्यात शिकारीचा आणि जनावरे फासात पकडण्याचा परंपरागत हक्क स्पष्ट शब्दांत वगळला आहे. मध, मोहाची फुले, तेंदूची पाने तुमची, भेकर नाही. मला स्वतःला ही रेघ योग्य जागी मारलेली वाटते. फक्त ती मारताना पलीकडच्या माणसाला ती नीट समजावून सांगितली पाहिजे. तानसा अभयारण्य १९७० साली झाले. सुमारे तीनशे चौरस किलोमीटरचे हे रान शहापूरपासून वाडा-मोखाड्यापर्यंत पसरले आहे. मुरबाडच्या बाजूला भीमाशंकर अभयारण्याची हद्द घाटाखाली उतरते. ते १९८५ चे. अभयारण्यात शिकार केली तर किमान तीन वर्षे आणि कमाल सात वर्षे कैद, शिवाय दंड. २०२२ च्या दुरुस्तीने तो किमान पंचवीस हजार रुपये झाला. अभयारण्याची हद्द रानात आखलेली नसते. डावीकडच्या टेपावर एक कायदा आणि उजवीकडच्या टेपावर दुसरा, हे माझ्या वयाच्या, शाळा सुटलेल्या मुलाला कोण सांगणार?

मोठ्या माणसांचे काय होते, याचेही एक उदाहरण सर्वांना माहीत आहे, आणि त्यात योगायोगाने रिव्हॉल्व्हरही आहे. ऑक्टोबर १९९८ मध्ये जोधपूरजवळ कांकाणी येथे काळविटांची शिकार झाल्याचा खटला अभिनेते सलमान खान यांच्यावर झाला. त्याच्याच जोडीला शस्त्र कायद्याखाली एक स्वतंत्र खटला होता; परवान्याची मुदत संपलेली बावीस बोअरची रायफल आणि बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर बाळगून वापरल्याचा त्यात आरोप होता. या शस्त्रांच्या खटल्यातून जानेवारी २०१७ मध्ये त्यांची निर्दोष सुटका झाली. काळविटांच्या खटल्यात एप्रिल २०१८ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली, दोन दिवसांत जामीन मिळाला आणि त्यावर अपील झाले. घटनेपासून पहिल्या निकालाला वीस वर्षे! आमच्या मित्रांचा चित्रपटावरून सुरू झालेला वाद चित्रपटसृष्टीतच येऊन पोहोचतो, हे गमतीचे आहे.

राहता राहिला पिकाचा प्रश्न. भेकर पिकाचे फारसे नुकसान करीत नाही. भाताच्या खाचरानंतर पेरलेल्या वालाचे कोवळे शेंडे खुडते, इतकेच. खरा त्रास रानडुकरांचा. एका रात्रीत ती अर्धा गुंठा लोळवितात. यावर सरकारने नुकसानभरपाई ठेवली आहे. अर्ज करायचा, वनखात्याचा माणूस येऊन पंचनामा करतो, मग रक्कम. रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत शासनाने २०१५ साली अटींसह मारण्याच्या परवानगीची वाटही ठेवली. पण ज्याला अर्ज लिहिता येत नाही तो माळ्यावर बसून डबा वाजवितो. हाक्यात वाजणारा डबा आता राखणीत वाजतो आहे.

ज्या बंदुकीचा वर उल्लेख केला ती खातेदाराच्या घरी अजून आहे. निवडणूक आली की परवान्याच्या इतर हत्यारांप्रमाणे तीही पोलीस ठाण्यात जमा होते आणि निकालानंतर परत येते. गेल्या कित्येक वर्षांत तिचा बार झालेला नाही. गजाला गंज चढला आहे. मूळ परवानाधारक वारले, आणि वारसाच्या नावाने नवा परवाना मिळण्यासाठी अर्ज करावयाचा होता. गावात कॉलेजात जाणारा म्हणून तो भरण्याचे काम माझ्याकडे आले. नाव, वय, पत्ता, शेतीचा सात-बारा, सर्व लिहून झाले. शस्त्र कशासाठी हवे या रकान्याशी मी पेन थांबविले. त्यांच्या नातवाने ओट्यावरून आतूनच सांगितले, "लिही ना, पीकसंरक्षण. बाबाने पण तेच लिहिलेलं." मी तसे लिहिले आणि अर्जाखाली अंगठ्याऐवजी त्याची सही घेतली.